विझला तर पुन्हा लावा

"बाई, पुस्तिका वाचली का?" मी फोनवर विचारलं.

"कसली पुस्तिका?"

"गिझरबरोबर येते ती. सूचनांची."

"मुकुंदा, माझी बाळंतीण आत ओल्या अंगानं बसलीय आणि तुला पुस्तिका सुचतेय?"

"आम्हाला तर तुम्ही प्रश्नपत्रिका दोनदा वाचायला लावायच्या. त्याशिवाय पेनचं टोपण काढू द्यायच्या नाहीत."

दुकानात दोन गिऱ्हाइकं उभी होती. ती हसली. ऐकणारं कोणी असलं की माझी जीभ जरा जास्तच चालायची. पलीकडे गायखे बाईही हसल्या, पण घाईघाईनं. सहावीत त्यांनी आम्हाला मराठी शिकवलं होतं, आणि माझ्या निबंधावर एकदा 'भाषा चांगली, डोकं वापर' असा शेरा मारला होता. त्याचा वचपा काढायची संधी मी सोडणार नव्हतो.

ही २००७च्या जानेवारीतली गोष्ट. निफाडची थंडी पेपरात छापून येते ती. त्या आठवड्यात द्राक्षबागांत शेकोट्या पेटवत होते आणि सकाळी नळाच्या पाण्यात बोट धरवत नव्हतं. आम्ही जातीचे तांबट. माझ्या वडिलांचा अख्खा जन्म पाण्याचे बंब ठोकण्यात गेला. तांब्याचा बंब अंगणात असायचा, धूर आभाळात जायचा, आणि तो कसा पेटवायचा हे घरातल्या म्हातारीपासून पोरापर्यंत सगळ्यांना माहीत असायचं. बंब गेले, वडील गेले, आणि त्याच दुकानात मी गॅसचे गिझर विकायला ठेवले. त्या हिवाळ्यात तर हातोहात गेले. पण बंब घेतलेलं गिऱ्हाईक दहा वर्षांनी कल्हईला यायचं. गिझर घेतलेलं गिऱ्हाईक संध्याकाळी फोन करायचं.

एकानं सेल उलटे बसवले होते. एकीनं सिलिंडरच उघडला नव्हता आणि मला म्हणाली, तुमचा गिझर मेलेला निघाला. एका मुख्याध्यापकांनी तर वरचं प्लास्टिकही काढलं नव्हतं. ते वितळलं तेव्हा आगीचा बंब बोलवावा का, असं त्यांनी मला विचारलं. म्हणून माझा पहिला प्रश्न ठरलेला होता. पुस्तिका वाचली का? नाही म्हटलं की मी आधी सोलून काढायचो आणि मग उत्तर द्यायचो. लोक चिडायचे, पण मला विचारल्याशिवाय राहायचे नाहीत. गावात मला 'पुस्तिकामास्तर' म्हणायला लागले होते, आणि मला ते आवडत होतं.

"बोला बाई, काय झालंय?"

"अरे, छान चालतो, आणि विसेक मिनिटांनी आपोआप विझतो. परवापासून रोज. बाळंतिणीची आंघोळ काय वीस मिनिटांत होते का? मालिशचं तेल निघेपर्यंतच अर्धा तास जातो. ऐन वेळी पाणी गार पडतं आणि वृषाली कुडकुडत बसते."

वृषाली त्यांची एकुलती एक लेक. पहिलं बाळंतपण म्हणून सिन्नरहून माहेरी आली होती. मुलगी झाली होती, सोळावा दिवस होता. बाई एकट्याच राहायच्या. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. व्याह्यांच्या डोळ्यांत भरेल असं बाळंतपण करायचं म्हणून त्यांनी खास माझ्याकडून गिझर नेला होता.

"गिझरजवळ खिडकी आहे का?"

"वरच आहे."

"मग वारा लागत असणार ज्योतीला. ती लावून घ्या."

"अरे, पण चंद्रामावशी म्हणते थोडी उघडी असू दे. आत कोंडल्यासारखं होतं म्हणते, काल तिचं डोकं दुखत होतं."

"चंद्रामावशीला चुलीची सवय हो. तिला गिझरमधलं काय कळतंय?" मी म्हणालो, आणि गिऱ्हाइकं परत हसली. "खिडकी घट्ट लावा. फटी असतील तर कापड कोंबा. बाळंतिणीलाही वारं लागायचं नाही."

"आणि विझला तर?"

"नळ बंद करायचा, परत सोडायचा. पेटतो."

"आणि परत विझला तर?"

"पुन्हा लावा, बाई. शंभरदा विझला तर शंभरदा लावा."

"देव तुझं भलं करो," त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला.

चंद्रामावशी म्हणजे चंद्रभागाबाई. त्या भागात बाळ-बाळंतिणीला न्हाऊ घालायला तीच जायची. सत्तरीला आलेली, सुकलेली, पण हाताला जोर होता. मलाही तिनंच न्हाऊ घातलं होतं असं आई सांगायची. तिच्या हाताखालचं बाळ रडत नाही अशी ख्याती होती.

गिऱ्हाइकं गेली. मी चहा मागवला, पेपर चाळला. अर्धा तास गेला असेल. मग कंपनीला पाठवायचे हमीचे कागद काढावेत म्हणून गल्ल्याखालचा खण ओढला. हमीचं कार्ड पुस्तिकेच्या शेवटच्या पानावरच छापलेलं असतं. लोक घरी नेऊन हरवतात, पोरं त्यावर चित्रं काढतात, आणि सहा महिन्यांनी दुरुस्तीच्या वेळी भांडण माझ्या माथी येतं. म्हणून विकलेल्या प्रत्येक गिझरची पुस्तिका मी माझ्याकडेच ठेवून घ्यायचो. वर गिऱ्हाइकाचं नाव लिहायचो. गठ्ठ्यात सगळ्यात वर 'श्रीमती गायखे बाई' होतं.

मला हसू आलं. पुस्तिका वाचली का म्हणून मी गावाला फाडून खात होतो, आणि गावाच्या सगळ्या पुस्तिका माझ्या खणात होत्या.

खरं सांगायचं तर मीही त्यातली एक ओळ वाचली नव्हती. कंपनीच्या माणसानं पहिला गिझर बसवताना दाखवलं, ते मी बघितलं. तांबटाच्या पोराला नळी जोडायला पुस्तक कशाला लागतंय? पण बाईंची फिरकी घेतली होती, तर निदान कुठल्या पानावर काय आहे ते सांगता यावं, म्हणून मी ती उघडली. हिंदी होतं, बारीक अक्षरात. 'ज्योत आपोआप विझणे' असं एका चौकटीत होतं.

त्यात लिहिलं होतं की वीस मिनिटांनी ज्योत आपोआप विझते आणि हा बिघाड नाही. बंद जागेत विषारी वायू साठू नये म्हणून तशी सोय केलेली आहे. ज्योत विझल्यावर लगेच पुन्हा पेटवू नये. दार उघडून हवा खेळू द्यावी. खिडकी कोणत्याही परिस्थितीत बंद करू नये. हा वायू दिसत नाही, त्याला वास येत नाही.

मी ते दोनदा वाचलं. मी बाईंचा नंबर फिरवला. लागला नाही, नुसता टुंग टुंग आवाज येत होता. परत फिरवला, परत तेच. कोणाशी बोलतायत एवढा वेळ, म्हणून मी एकटाच दुकानात ओरडलो.

शटर तसंच उघडं टाकून मी स्कूटरवर बसलो. शिक्षक कॉलनी काही लांब नाही, पण सकाळी बाजार समितीकडे जाणाऱ्या ट्रॅक्टरांची रांग असते. त्या रांगेत मी स्वतःला समजावत होतो की आंघोळ एव्हाना झाली असेल, वृषाली खाटेवर शेक घेत असेल, बाई माझ्यावर हसतील. असं मी तीन-चारदा समजावलं.

दार नुसतं लोटलेलं होतं. आत ओवा आणि बाळंतशोपांच्या धुरीचा वास भरला होता. बाई हॉलमध्ये मांडी घालून बसल्या होत्या, मांडीवर नात. बाळाची आंघोळ आधी झाली होती. टाळूवर तेल, कपाळाला काजळाचा टिळा, आणि अंगाभोवती घट्ट दुपटं. टेलिफोनचा रिसीव्हर काढून बाजूला ठेवला होता, बाळाची झोप मोडू नये म्हणून.

मला बघून बाईंनी ओठांवर बोट ठेवलं.

"वृषाली कुठंय?" मी विचारलं.

"हळू रे. न्हातेय. तू सांगितल्यापासून मस्त चाललंय बघ. दोनदा विझला, पण मावशीनं लगेच लावला."

"किती वेळ झाला?"

"झाला बराच. आज केसांवरून न्हाऊ घालतेय. होईलच आता."

बाथरूम मागच्या पडवीच्या कोपऱ्यात होतं. दाराखालच्या फटीत पोतं कोंबलेलं होतं, ओलं करून. आतून पाण्याचा आवाज येत होता, बादलीत सरळ धार पडल्यासारखा. मी दारावर हात मारला.

"मावशी! वृषाली!"

पाणी पडतच होतं.

"अरे, काय करतोस?" बाई बाळाला घेऊन मागून आल्या. "मावशीला कमी ऐकू येतं. मागे हो आधी."

"बाई, दार उघडायला सांगा. आत गॅस साठला असेल."

"कसला गॅस? काही वास येत नाहीये."

"त्याला वास नसतो."

"मग तुला कसं कळलं?"

मी दार ढकललं. आतून कडी होती. बाई दारासमोर येऊन उभ्या राहिल्या. सहावीतल्या वर्गात उभ्या राहायच्या तशाच, मान ताठ.

"मुकुंदा, माझी लेक आत उघडी बसलीय. सोळा दिवसांची बाळंतीण आहे. तू तांबटाचा मुलगा, मला मुलासारखा, पण पुरुषमाणूस आहेस. हे दार तू उघडायचं नाहीस. मी हाक मारते. वृषा! ए वृषा!"

उत्तर आलं नाही.

"डोळ्यांत शिकेकाई गेली असेल," बाई म्हणाल्या. "बोलत नाही ती तेव्हा."

मी थांबलो. हे मला लिहिताना अजून लाज वाटते. पुस्तिका वाचून आलो होतो, काय होतंय ते मला माहीत होतं, आणि तरी मी त्या दारासमोर हात खाली सोडून उभा राहिलो. दारापलीकडे एक उघडी बाई होती आणि तिची आई नको म्हणत होती. त्याच्यापुढे माझं पाऊल पडेना. किती वेळ गेला सांगता येणार नाही. बाईंनी आणखी दोन हाका मारल्या, तेवढा वेळ.

मग मला मागचा सिलिंडर आठवला. मी अंगणातून वळसा घालून गेलो. पत्र्याच्या आडोशाला सिलिंडर होता. मी त्याची चावी बंद केली. वर पाहिलं तर बाथरूमची खिडकी आतून लाल गोधडीनं गच्च बुजवली होती. काचेच्या पट्ट्यांमधून त्या गोधडीचे टाके दिसत होते.

मी पळत परत आलो.

"बाई, ऐका. मी गॅस बंद केलाय. आता आत बर्फासारखं पाणी पडतंय तिच्या अंगावर. निफाडचं, जानेवारीतलं. ती ओरडेल बघा. ओरडली पाहिजे."

आम्ही दोघं ऐकत राहिलो. पाणी पडत होतं. बाळानं झोपेत ओठ चोखल्याचा आवाज आला, तेवढाच.

बाईंचा चेहरा बदलला. त्या दारासमोरून बाजूला झाल्या.

कडी दुसऱ्या लाथेला तुटली, पण दार चारच बोटं उघडलं. आत काहीतरी अडत होतं. ती चंद्रामावशी होती, दाराला टेकून पडलेली. तिचा हात कडीकडे वर गेलेला होता आणि तसाच भिंतीला घसरून खाली आला होता. मी खांदा लावून दार रेटलं. वाफ अंगावर आली. मावशीला काखेत धरून पडवीत ओढलं. बाईंनी बाळाला तिथंच फरशीवर ठेवलं, दोरीवरची चादर ओढली आणि माझ्याआधी आत घुसल्या.

वृषाली पाटावर बसली होती. भिंतीला डोकं टेकलेलं, केस तोंडावर, गार पाण्याची धार बादलीत पडून तिच्या पायांवर सांडत होती. बाईंनी तिच्या अंगावर चादर टाकली.

"रंग बघ कसा छान आहे तिचा," बाई म्हणाल्या. "गाल गुलाबी आहेत. चक्कर आलीय नुसती. नाही का?"

या वायूनं माणूस असाच गुलाबी दिसतो, हे पुढच्याच पानावर लिहिलं होतं.

आम्ही तिला अंगणात आणलं. शेजारच्या जाधवांची जीप निघाली. मावशी अंगणातच ओकली आणि डोळे उघडून 'पोरगी कुठंय' म्हणाली. वृषालीनं डोळे उघडले नाहीत. जीपमध्ये बाई तिचे तळपाय चोळत होत्या आणि सारखं म्हणत होत्या, "व्याह्यांना काय सांगू? त्यांची सून मी धडधाकट परत पाठवणार होते रे." मी तिच्या नाकापाशी बोट धरून बसलो होतो. श्वास होता. कधी कधी नसायचा, मग परत यायचा.

इथल्या डॉक्टरांनी ऑक्सिजन लावून नाशिकला पाठवलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिनं डोळे उघडले. वाचली. पण तिच्या डाव्या हाताचा कंप गेला नाही, आणि बोलताना मधेच थांबून ती शब्द शोधायची. बाळाला वरचं दूध सुरू झालं.

तिसऱ्या दिवशी नाशिकच्या दवाखान्यात सिन्नरचे व्याही आले, वृषालीचे सासरे. उंच, पांढरी टोपी, आवाज न चढवता बोलणारे. व्हरांड्यात बाई बाकावर बसल्या होत्या, मी डबा घेऊन गेलो होतो.

"डॉक्टर म्हणाले, सगळी खिडकी बुजवलेली होती," व्याही म्हणाले. "बाळंतिणीच्या न्हाणीत गॅस, आणि खिडकी बुजवलेली. कोणी बुजवली?"

बाईंनी वर बघितलं. व्याह्यांकडे नाही, माझ्याकडे.

ती नजर मला अजून जशीच्या तशी दिसते. तिच्यात विनंती होती का धमकी होती, मला तेव्हा कळलं नाही. आता वाटतं, त्या फक्त बघत होत्या, मी आधी बोलतोय का त्यांनी बोलायचं. बाई बोलल्या असत्या तर 'फोन मी केला, मावशीला खिडकी लावायला मी लावलं' असं त्यांना म्हणावं लागलं असतं. पोरीला माहेरी आणून तिची आईच अशी वागली, हे सिन्नरच्या तोंडी कायमचं राहिलं असतं. आणि मी बोललो असतो तर दुकान गेलं असतं, गुन्हा दाखल झाला असता. माझ्या घरी दोन वर्षांची मुलगी होती. एवढा सगळा विचार मी त्या वेळी केला असं नाही. मी फक्त गप्प राहिलो.

"चंद्रामावशी जुन्या वळणाची," बाई हळू म्हणाल्या. "बाळंतिणीला वारं लागू नये म्हणून तिनं..."

पुढचं त्यांनी सांगितलं नाही. व्याही माझ्याकडे वळले.

"तुम्ही गिझरवाले ना? असं चालतं का?"

"पुस्तिकेत स्पष्ट लिहिलंय," मी म्हणालो. "खिडकी कोणत्याही परिस्थितीत बंद करू नये."

यातला एकही शब्द खोटा नव्हता.

"म्हातारीला काय वाचता येणार!" व्याही म्हणाले आणि माझे दोन्ही हात धरले. "तुम्ही देवासारखे धावून आलात. तुम्ही नसता तर..." आणि तो एवढा मोठा माणूस रडला. मी हात सोडवून घेतले नाहीत.

बारसं लांबलं होतं, ते चाळिसाव्या दिवशी सिन्नरला झालं. मला टॉवेल, टोपी, नारळ दिला. माईकवरून माझं नाव घेतलं. वृषाली पाळण्याशेजारी खुर्चीवर बसली होती, डावा हात पदराखाली. माझ्याकडे बघून हसली. त्या सकाळचं तिला काहीच आठवत नव्हतं. बाईंनी मला जेवताना आग्रह करून दोनदा जिलबी वाढली, आणि एकदाही डोळे वर केले नाहीत. चंद्रामावशीला बोलावणं नव्हतं.

एव्हाना तिला कोणीच बोलावत नव्हतं. निफाडात तेव्हा तीन बाळंतिणी होत्या. तिघींनीही लासलगावहून दुसरी बाई आणली. पाणी भरताना बाया बोलायच्या की हिनं गायख्यांच्या पोरीला कोंडून मारलंच होतं, तांबटाचा मुकुंदा धावला म्हणून निभावलं. मी ते ऐकायचो आणि गिऱ्हाइकाकडे वळायचो. आता मात्र प्रत्येक गिऱ्हाइकाला मी पुस्तिका हातात देत होतो आणि खिडकीचं तोंडी बजावून सांगत होतो. लोक म्हणायचे, मुकुंदाला किती काळजी!

होळीच्या आधीच्या आठवड्यात, दुपारी एकच्या सुमाराला, चंद्रामावशी दुकानाच्या पायरीशी आली. दुकानात कोणी नव्हतं. ऊन चांगलंच तापलं होतं. ती आत आली नाही, पायरीवरच बसली आणि पदरानं तोंड पुसलं. त्या दीड महिन्यात ती निम्मी झाली होती.

"पाणी देऊ, मावशी?"

"नको भाऊ. एक इचारायचं व्हतं. तुमचा येळ घेत न्हाई."

मी गल्ल्यामागून उठून तिच्यापर्यंत गेलो नाही. गल्ल्याला हात लावून उभा राहिलो.

"त्या सकाळचं मला धड काई आठवत न्हाई," ती म्हणाली. "डाक्टर म्हन्ला, त्या गॅसनं डोक्यातलं थोडं थोडं गेलं. पोरीला न्हाऊ घालू राहिले व्हते, पानी गार पडलं, हे आठवतं. मंग बाई दारात आल्या, त्येबी आठवतं. काय बोलल्या ते न्हाई आठवत. मंग माझ्या हातात ती लाल गोधडी व्हती. मधलं पुसलं गेलं."

"होतं असं," मी म्हणालो.

"मी पन्नास वर्सं बाया न्हाऊ घातल्या, भाऊ. तुमची आईबी न्हाऊ घातली. मी कधी न्हाणीची खिडकी समदी लावत न्हाई. चुलीचा धूर म्हना, शेगडी म्हना, वाईच फट ठेवायचीच. माझ्या आईनं शिकवलं व्हतं. आदल्या दिशी माझं डोकं धरलं, तवाबी मी म्हन्ले, उघडी ऱ्हाऊ द्या. मंग दुसऱ्या दिशी माझ्याच हातानं मी ती का बुजवली? म्हातारी झाले म्हून माझं डोकं फिरलं का?"

मी गल्ल्यावरच्या पावत्या सारख्या करत राहिलो.

"मला कधी कधी वाटतं, बाईंनी सांगितलं. म्हन्ल्या, दुकानातून फोनवर सांगितलंय, लाव. असं वाटतं. पन बाई म्हनत्यात, मी काई बोलले न्हाई, तुमचं तुम्हीच केलं. त्या शिकलेल्या. त्या कशाला खोटं बोलतील?" तिनं वर माझ्याकडं बघितलं. डोळ्यांत राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. "मला लिहिता-वाचता येत न्हाई. म्हून तोंडानं इचारायला आले. तुम्ही सांगितलं व्हतं का, भाऊ, खिडकी लावायला? हो म्हना, न्हाईतर न्हाई म्हना. मी कोनाला सांगायला जानार न्हाई. पोरांना न्हाई, बाईंना न्हाई. माझी मला झोप लागली पायजे, एवढंच."

रस्त्यावर कोणी नव्हतं. मी हो म्हणालो असतो तर खरोखरच तिनं कोणाला सांगितलं नसतं, याची मला तेव्हाही खात्री होती. दुकान गेलं नसतं. काहीच गेलं नसतं. तिला फक्त ते एक अक्षर हवं होतं.

"नाही, मावशी," मी म्हणालो. "मी असं कसं सांगेन?"

"बरं," ती म्हणाली. "म्हंजे मीच केलं."

"तुम्हाला माहीत नव्हतं, मावशी. मुद्दाम नाही केलंत."

"पन केलं मीच." ती भिंतीला धरून उठली. "बरं झालं इचारलं. एवढे दिस मी उगाच बाईंवर संशय धरला, पाप लागलं. आता सिन्नरला जाते, त्या पोरीचे पाय धरते, तिच्या सासूचे धरते. घरून निघतानाच ठरवलं व्हतं, भाऊ न्हाई म्हन्ले तर तसंच पुढं जायाचं." तिच्या हातात कापडी पिशवी होती ती मला तेव्हा दिसली. "मला पाटी वाचता येत न्हाई. सिन्नरची गाडी किती वाजता हाय?"

"अडीचला," मी म्हणालो. "तीन नंबरच्या फलाटावर लागते."

तिला त्या दिवशी मी दिलेलं तेवढं एक उत्तर खरं होतं.